आप्पा हयात आहेत

कंपनीनं सगळ्या कामगारांचा ताण कमी करायचं ठरवलं आणि त्यासाठी रविवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, भल्या सकाळी सगळ्यांना हजर राहायला सांगितलं. जो येणार नाही त्याचा खाडा लागणार होता.

सुप्याच्या एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात प्लॅस्टिकचे डबे होतात. अमृत फुंदे तिथं क्वालिटीत आहे. त्याचं काम ऐकण्याचं. डब्याचं झाकण लावलं की 'टक' असा आवाज आला पाहिजे. 'टप' आला की डबा बाद. दिवसभर तो झाकणं लावतो आणि कान देतो. तिशी ओलांडली तरी त्याचं लग्न जमलेलं नाही, आणि मुलीकडच्यांना 'मी टक ऐकतो' हे सांगताना आपला आवाज 'टप' येतो, हे त्याचं कारण आहे असं त्याचं स्वतःचं निदान आहे.

ताण घालवायला पुण्याहून अश्विनी मॅडम आल्या होत्या. कॅन्टीनमध्ये पोह्यांच्या वासात त्यांनी ताणाची लक्षणं सांगितली. दात आवळले जातात. झोप उडते. केस गळतात. अमृतनं डोक्यावरून हात फिरवला, तर बोटांत चारदोन केस आले. ते त्यानं खिशात ठेवले. बाद माल फेकून द्यायचा नाही, नमुना म्हणून ठेवायचा, ही खात्याची सवय.

"आणि सगळ्यात सोपा उपाय," मॅडम म्हणाल्या, "रोज एका माणसाशी मनातलं बोला. बोलल्यानं ताण अर्धा होतो."

अमृतनं हात वर केला. "कोणत्या माणसाशी, मॅडम?"

कॅन्टीन खदखदून हसलं. मॅडमही हसल्या. "वा, विनोदबुद्धी चांगली आहे तुमची. विनोदानंही ताण कमी होतो बरं का."

अमृतनं विनोद केलेला नव्हता.

नगरच्या केडगावात साईछाया रेसिडेन्सीत तो एकटा राहतो. फ्लॅट घेऊन दोन वर्षं झाली. या काळात त्याच्या घरात बाहेरची माणसं आली ती म्हणजे गॅसवाला, फिल्टरवाला आणि एकदा चुकून समोरच्यांचे पाहुणे. पाहुणे सोफ्यावर बसले, पाणी प्यायले, 'विजयमाला दिसत नाही कुठं' म्हणाले आणि चूक कळल्यावर उठून गेले. ती संध्याकाळ अमृतला अजून आठवते. चांगली माणसं होती.

तरी त्यानं मॅडमचा उपाय मनापासून केला. सोमवारी वॉचमनशी बोलला. वॉचमननं मान डोलवत सगळं ऐकून घेतलं. शेवटी त्याच्या दुसऱ्या कानातल्या इअरफोनमधून कुस्तीच्या कॉमेंट्रीचा आवाज आला. मंगळवारी मोबाईल कंपनीला फोन लावला. तिकडून एक पूजा बोलत होती. अमृत म्हणाला, "तक्रार अशी काही नाही, पण आजकाल कुणाशी बोलणंच होत नाही." पूजानं आदबीनं विचारलं, "सर, आपल्या भागात नेटवर्कची समस्या आहे का?" अमृतला ते काही अगदीच चूक वाटलं नाही. त्यानं हो म्हटलं. दोन दिवसांनी मेसेज आला: आपल्या समस्येचं निराकरण झालेलं आहे.

राहिले आप्पा. पुंजाराम फुंदे, अमृतचे वडील. आई गेल्यापासून पाथर्डीच्या पुढं गावी एका म्हशीसोबत राहतात. दर रविवारी अमृत त्यांना फोन करतो. "जेवला का?" "जेवलो. पानी आलं का?" "आलं." "बरं, ठिवतो." एवढ्यात गॅसवरचं दूधसुद्धा उतू जात नाही. अशा माणसाला मनातलं सांगायचं म्हणजे आधी त्याला फोनवर धरून ठेवायला दुसरा माणूस लागला असता.

इकडे केस गळतच होते. शेवटी पुढच्या रविवारी अमृत वैतागून बिभीषणच्या सलूनात गेला आणि म्हणाला, "सगळे काढून टाक."

बिभीषणचा हात हवेतच थांबला. एरवी हा माणूस डोकं हातात आलं की केडगावची सगळी खबर सांगतो. त्या दिवशी त्यानं टीव्ही बंद केला. गाण्याचा आवाज गेला. बाकड्यावर नंबर लावून बसलेले दोघं उठून उभे राहिले आणि "आधी यांचं होऊ द्या," म्हणाले. नगरमध्ये लोक इतके समजूतदार असतात, हे अमृतला माहीत नव्हतं. डोळे मिटून त्यानं मॅडमनं शिकवलेला दीर्घ श्वास घेतला. डोळे उघडले तेव्हा केसांबरोबर मिशीही गेलेली होती.

"मिशी?"

"ती बी काढावीच लागती, दादा," बिभीषण हळू आवाजात म्हणाला. अमृतला वाटलं, मिशीलाही ताण असणार. पैसे द्यायला लागला, तर बिभीषणनं दोन्ही हात जोडले. "आज न्हाई घेणार. माणुसकी हाय का न्हाई काही?"

हिवाळी सवलत असावी, असं समजून अमृत घरी आला.

आता, आपल्याकडं तरण्या पोरानं डोकं आणि मिशी दोन्ही एकदम काढली, तर त्याचा अर्थ एकच होतो, आणि तो कुणी मोठ्यानं बोलत नाही. हे अमृतला कळत नव्हतं असं नाही. स्वतःच्या आईच्या दहाव्याला त्यानं हेच केलं होतं. पण माणूस जेव्हा ताण कमी करण्याच्या मागं लागतो, तेव्हा बाकीचं त्याच्या ध्यानात राहत नाही.

दिवेलागणीला दारावर टकटक झाली. समोरच्या विजयमालाकाकू. हातात ताट, वर रुमाल. अमृतचं डोकं बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"एवढं झालं आणि शेजारी सांगू नये? आम्हाला बिभीषणकडून कळावं?" त्या आत आल्या, सोफ्यावर बसल्या. "एकट्यानं सोसलंस रे बाळा."

दोन वर्षांत त्याला 'बाळा' कुणी म्हटलेलं नव्हतं. कंपनीत तर फुंदेसुद्धा म्हणत नाहीत, 'क्वालिटी' म्हणतात.

"काकू, तसं काही नाही, म्हणजे मी..."

"बोलू नकोस. खा आधी. पिठलं-भाकरी आणलीय. अशा वेळी घरात चूल पेटवत नाहीत."

ही चूक दुरुस्त करायला तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य अमृतच्या तोंडात तयार होतं. पण तोंडात भाकरी होती, भाकरी गरम होती, आणि काकू समोर बसून होत्या. घास संपल्यावर सांगू, असं त्यानं ठरवलं. घास संपेपर्यंत काकूंचे मिस्टर आले. मग खालच्या मजल्यावरचं जोडपं आलं. चहा कुणी घेत नव्हतं, टीव्ही लावा म्हणत नव्हतं, पगार विचारत नव्हतं, 'लग्नाचं कुठवर आलं' हेही विचारत नव्हतं. नुसते बसले. अमृतच्या हॉलमध्ये पहिल्यांदाच खुर्च्या कमी पडल्या. उठताना कुणी 'येतो' म्हणालं नाही, अशा घरातून निघताना तसं म्हणत नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा आले.

उद्या सांगू, असं अमृतनं रोज ठरवलं. त्याला झोप लागायला लागली होती. दात आवळले जात नव्हते. मॅडमचा उपाय लागू पडत होता, फक्त त्यासाठी एक माणूस मारावा लागला होता.

तिसऱ्या संध्याकाळी काकूंनी विचारलं, "वडील कसे होते रे स्वभावानं?"

अमृतनं सांगितलं. आप्पा ऊसतोडीला श्रीगोंद्याकडं जायचे. परत येताना दर वर्षी पोरासाठी एक कंपासपेटी आणायचे, कारण शाळेत जाणाऱ्याला आणखी काय लागतं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. आधीची पेटी असली तरी नवी आणायचे. कपाट कंपासपेट्यांनी भरलं. "मला अजून कोन काढता येत नाही," अमृत म्हणाला, "पण एकदाही सांगितलं नाही की दुसरं काहीतरी आणा."

काकूंनी पदर डोळ्याला लावला. आपण 'आणायचे', 'जायचे' असं भूतकाळात बोललो, हे अमृतच्या ध्यानात नंतर आलं. पण आप्पांशी त्याचं शेवटचं नीट बोलणं झालं होतं तेही भूतकाळातच. तांत्रिकदृष्ट्या तो खोटं बोललेला नव्हता.

कंपनीत मात्र प्रकरण तांत्रिक झालं. खालच्या मजल्यावरचा माणूस कंपनीच्याच बसनं सुप्याला जातो. एचआरच्या हर्षलनं अमृतला बोलावलं, उभं राहून हात हातात घेतला आणि म्हणाला, "सिस्टीममध्ये नोंद केली आहे. आठवडाभराची रजा मंजूर. मृत्यूचा दाखला तेवढा जमा करा."

आता मात्र अमृतनं दार लावून घेतलं आणि खरं ते सांगितलं. हर्षलनं स्क्रीनवरची नोंद पुन्हा उघडली.

"म्हणजे ते आहेत?"

"आहेत."

"पण सिस्टीममध्ये गेलेत."

"मग परत आणा."

"माझ्याकडून पाठवता येतं, परत आणता येत नाही. परत आणायला पुण्याहून मंजुरी लागते." हर्षलनं डोकं खाजवलं. "असं करा, त्यांचा हयातीचा दाखला आणा. तलाठ्याचा किंवा ग्रामपंचायतीचा. तोपर्यंत तुम्ही रजेवर आहात, त्यामुळं हे बोलायला तुम्ही इथं असू शकत नाही. बाहेर पडा."

म्हणून अमृतनं बुधवारी आप्पांना फोन केला. "आप्पा, एक हयातीचा दाखला लागतोय."

"कुनाचा?"

"तुमचा."

"मी हाय की."

"हो, पण तसं लिहून पाहिजे."

"बरं. ठिवतो." आणि ठेवला.

आणि घरी आला, तर सोसायटीचे चेअरमन रंगनाथराव भापकर जिन्यात वाट बघत होते. रंगनाथराव जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. नोकरीत असताना ते दर आठवड्याला कुठं ना कुठं भाषण करायचे. निवृत्तीपासून पाण्याच्या टाकीवर बोलण्यापलीकडं त्यांना विषय मिळालेला नव्हता.

"शनिवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये श्रद्धांजली सभा," ते म्हणाले. "गाड्या काढायला सांगितल्यात. फ्लेक्स टाकलाय."

"काका, ऐका, आप्पा जिवंत आहेत."

रंगनाथरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आपल्या मनात ते कायमच जिवंत राहणार."

"तसं नाही. पाथर्डीजवळ जिवंत आहेत. म्हैस आहे त्यांच्याकडं."

"सुरुवातीला असंच होतं बाळा. आमचे वडील गेले तेव्हा मीही सहा महिने दोन कप चहा टाकायचो. रडून घे." आणि त्यांनी त्याला छातीशी धरलं. त्या मिठीतून बोलता येत नव्हतं. खरं सांगायचं तर अमृतनं फारसा प्रयत्नही केला नाही.

शनिवारी पार्किंग भरलं. सतरंज्या, माईक, उदबत्ती. फ्लेक्ससाठी रंगनाथरावांनी अमृतच्या व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो परस्पर काढून दिला होता. कुणाच्यातरी लग्नातला; आप्पांच्या डोक्याला फेटा, डोळ्याला नवरदेवाचा गॉगल. फ्लेक्सवाल्यानं आप्पांना गोरं केलं होतं आणि मागं बर्फाचे डोंगर टाकले होते. पुंजाराम फुंदे हे एखादं शिखर सर करताना गेले असावेत, असा पाहणाऱ्याचा समज झाला असता.

रंगनाथराव अर्धा तास बोलले. पुंजारामजी हे व्यक्तिमत्त्व नव्हतं, ती एक संस्था होती. आयुष्यभर त्यांनी शिक्षणाचा ध्यास घेतला. ठिकठिकाणी कंपासपेट्या वाटल्या. बिभीषणही सलून बंद करून आला होता. अमृत पुढं मान खाली घालून बसला होता. आज सांगायचं, हे त्यानं ठरवलेलं होतं. इतकी माणसं त्याच्यासाठी जमली होती, आणि ते एक वाक्य उच्चारलं की यातलं एकही उरणार नाही, हेही त्याला ठाऊक होतं. म्हणून रंगनाथरावांचं भाषण जितकं लांबेल तितकं बरं, असं त्याला वाटत होतं. भापकरांच्या भाषणाबद्दल असं वाटलेला तो पहिलाच माणूस.

"आता अमृत दोन शब्द बोलेल."

तो उठला. माईक हातात घेतला. समोर बघितलं, आणि मागच्या रांगेत, मोटरसायकलींच्या पुढं, पांढरी टोपी घातलेला, मांडीवर पिशवी धरून बसलेला एक म्हातारा दिसला. चपला नीट काढून शेजारी ठेवल्या होत्या. फ्लेक्सकडं तो लक्ष देऊन बघत होता.

अमृत कसंबसं म्हणाला, "माझे वडील... इथंच बसलेले आहेत. तुमच्यात."

पार्किंगमध्ये हुंदके सुरू झाले. काकूंना तर आवरेना. "किती खरंय," रंगनाथराव पुटपुटले, "किती खरंय."

"नाही, म्हणजे खरंच बसलेत," अमृत म्हणाला. "त्या निळ्या गाडीच्या पुढं. पिशवीवाले."

सगळ्या माना वळल्या. आप्पा दचकून उभे राहिले. एवढे लोक आपल्याकडं बघतायत म्हटल्यावर त्यांनी हात जोडले. "राम राम," ते म्हणाले. "तुमचं चालू द्या. मी मागाहून आलोय."

उदबत्ती जळत राहिली. पहिल्यांदा बिभीषण बोलला, "आन मी मिशी काढली की हो!" विजयमालाकाकू उठल्या. रागावल्या नव्हत्या, त्यापेक्षा वाईट झालं होतं. त्यांना लाज वाटत होती. "आठवडाभर मी रडत होते रे," एवढंच म्हणाल्या आणि ताट परत न मागता गेल्या. रंगनाथरावांनी आप्पांना खालीवर न्याहाळलं, फ्लेक्सशी ताडून पाहिलं आणि माईकवरून "सभा तहकूब करण्यात येत आहे," असं जाहीर केलं. लोक उठले. या वेळीही जाताना कुणी 'येतो' म्हणालं नाही, आणि आता ते येणार नव्हते.

वर घरात बापलेक समोरासमोर बसले. सकाळची भाकरी होती, ती आप्पांनी मोडून घेतली.

"तू बुधवारी फोन केला," आप्पा म्हणाले. "आईतवार नव्हता तर. म्हनलं, पोराला काहीतरी झालं. दाखला काढला आन एसटी धरली." त्यांनी पोराच्या डोक्याकडं पाहिलं. "कशापायी केलं हे?"

"टेन्शन आलं होतं."

"कशाचं?"

अमृतला वाटलं, झाकणाचं सांगावं. केसांचं सांगावं. "कुणी बोलत नव्हतं, आप्पा."

आप्पा चावत राहिले. "मंग मला सांगायचं."

"तुम्ही लगेच ठेवता."

"तुझं बिल उठतं म्हनून ठिवतो," आप्पा म्हणाले. "एवढ्या लांबचा फोन."

"आता नाही उठत. कितीही बोललं तरी तेवढंच."

"कवापासून?"

"झाली की बरीच वर्षं."

"आसं व्हय," आप्पा म्हणाले. मग बराच वेळ ते खिडकीबाहेर, रिकाम्या पार्किंगकडं बघत बसले. "मला कुनी सांगितलंच न्हाई."

सकाळच्या गाडीनं ते गेले. म्हशीला शेजारणीच्या भरवशावर किती ठेवायचं.

साईछायात आता अमृतशी कुणी बोलत नाही. पूर्वीही बोलत नव्हते, पण तेव्हा ते ठरवून नव्हतं. जिन्यात काकू दिसल्या की त्या मोबाईलमध्ये बघतात. कंपनीत दाखला जमा झाला. पुण्याची मंजुरी मात्र यायची आहे, त्यामुळं सिस्टीममध्ये आप्पा अजून गेलेलेच आहेत. केस वाढतायत. गळतातही.

धार काढून झाली की रोज आप्पांचा फोन येतो. "हाय मी," ते म्हणतात, कंपनीला कळवायचं असेल तर कळव, अशा आवाजात. मग दोघांनाही काय बोलावं ते कळत नाही. फोन कुणी ठेवत नाही. अमृत भाजी चिरतो, तिकडं म्हैस रवंथ करते, ते ऐकू येतं. दिवसभर टक आणि टप ऐकणाऱ्याला तो आवाज बरा वाटतो.

परवा फोन आला नाही. धारेची वेळ गेली, दिवे लागले, फोन नाही. अमृतनं दीर्घ श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. दात आवळले गेले. म्हैस लाथ मारते, विहिरीचा कठडा खचलाय, आप्पांना रात्रीचं दिसत नाही, असं सगळं ओळीनं आठवलं. सिस्टीम कधीकधी आधी कळवत असेल, असंही मनात येऊन गेलं. शेवटी त्यानंच लावला. रिंग वाजत राहिली. शेवटच्या रिंगला उचलला.

"आप्पा! कुठं होता?"

"हितंच. फोन हातातच हाय."

"मग केला का नाही?"

"म्हनलं," आप्पा म्हणाले, "आपुन न्हाई केला, तर तू करतो का बघावं."

अमृत खाली फरशीवर बसला. "आणि मी केला नसता तर?"

"तर उद्या मी केला असता की."